कंसातलं बाईला वाचून दाखवू नये

हिवरखेड, तालुका अकोट
शनिवार, ता. ८ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप भागीरथाबाईस,

धाकटा भाऊ देवमन याचा वलगावच्या समस्त मंडळींना जयभीम.

मी इकडे अगदी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला थांबला की अजून विडी चालूच आहे, शेळी व्याली का, हे सर्व सविस्तर कळवावे. (सत्यवती, तुझ्या आईला वाचता येत नाही आणि तू सातवीत आहेस, म्हणजे हे पत्र तूच मोठ्यानं वाचणार. तेव्हा मामाचं एक ऐक. जे कंसात असेल ते मनातल्या मनात वाचायचं आणि पुढं सरकायचं. काऊन थांबली म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचं, मामाचं अक्षर लागत नाही.)

तर बाई, तुझा भाऊ आता नुसता मास्तर राहिला नाही. दिवाळीनंतर आम्हा चाळीस मास्तरांना दहा दिवस अकोल्याला नेलं आणि बालमार्गदर्शन शिकवलं. म्हणजे पोट्ट्याच्या मनात काय खुपून राहिलं ते त्याला न मारता काढून घ्यायचं. शिकवायला पुण्याकडच्या चारुशीलाबाई होत्या. त्यांचं म्हणणं, मुलाला आधी बसवा, मग ऐका, उपदेश करू नका, आणि तो गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा, घाबरू नका. आता बाप्पा, उपदेश करायचा नाही तर मास्तराला पगार कशाचा? चाळीसांपैकी एकालाही जमेना. मग सराव म्हणून एकानं मास्तर व्हायचं आणि दुसऱ्यानं सात वर्षांचं लेकरू. माझ्या वाट्याला उद्धव मास्तर आले, वय पन्नास, मिशा एवढ्या. ते लेकरू होऊन बसले आणि बदलीमुळं घरापासून कसे लांब पडलो ते सांगता सांगता खरंच रडायला लागले. चारुशीलाबाईंनी मला विचारलं, आता तुम्ही काय कराल? मी उद्धव मास्तरांना पानाचा डबा दिला. त्यात मला दहापैकी चार गुण मिळाले.

परत आल्यावर आमचे हेडमास्तर खुशालराव यांनी मला नकाशे आणि मोडके बाक ठेवायची खोली दिली. (छड्याही तिथंच ठेवतात, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.) शनिवारी सकाळची शाळा सुटली की एकेका लेकराला बोलवायचं, असं ठरलं. पहिला आला श्रावण, चौथीतला. आला तो सरळ उजवा हात पुढं करून उभा. मी म्हटलं, बस. त्यानं डावाही पुढं केला. मी म्हटलं, अरे, मारायला नाही बोलावलं, तुला काय वाटतं ते सांग. तेव्हा मात्र तो दाराकडं सरकायला लागला. बाई, या शाळेत मास्तरनं एकट्याला बोलावलं म्हणजे काय, हे पोट्ट्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि मी सुपारीएवढा गूळ हातावर ठेवला तरी पहिले दोन शनिवार सगळे हात पुढं करूनच आत येत होते.

पुढची गंमत ऐक. सोमवारी श्रावणची आई चतुराबाई शाळेत आली, डोळ्याला पदर लावून. मास्तर, माह्या पोरानं असं काय केलं का तुमी त्याले मारून नाही राहिले? तिच्या डोक्यात काय, तर मास्तर ज्याला मारत नाही त्याच्यावर मास्तरनं पाणी सोडलं, आता त्याचं नाव कटणार. मी तिला बसवलं आणि अकोल्याच्या शिकवणीप्रमाणं ऐकलं. तिनं सासूपासून सुरुवात केली. पाऊण तासानंतर कुठं गोष्ट श्रावणवर आली. घरी तो दुरून शेजाऱ्याला बाप समजून हाक मारतो, ओट्यावरची घागर दिसत नाही म्हणून तिच्यावर आपटतो, आणि त्यासाठी घरीही मार खातो. मी त्याला फळ्यापासून लांब उभा करून वाचायला लावलं. त्याला फळाच दिसत नव्हता गं! तीन वर्षं आम्ही त्याला ठोंब्या म्हणून मागच्या रांगेत बसवलं आणि मारलं. त्यातले काही फटके माझे आहेत. आता तो पहिल्या रांगेत बसतो आणि गणितं सोडवतो, चष्म्यासाठी अकोल्याला न्यायचं ठरलं आहे. मी त्या खोलीतल्या छड्या चुलीत घातल्या. खुशालराव चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मैनाचं सांगतो. तिसरीतली पोरगी. पावसाळ्यात तिची आई वारली, तेव्हापासून शाळेत येते, बसते, जाते, तोंडातून शब्द नाही. ती एकटीच अशी की जिनं हात पुढं केला नाही. मारा नाहीतर सोडा, तिला सारखंच. चारुशीलाबाईंची आज्ञा म्हणून मीही गप्प बसलो. एक शनिवार, दोन शनिवार. (सत्यवती, गप्प बसणं मला घरी काय कमी आहे? तुझी मामी कौशल्या जाऊन आठ महिने झाले. शाळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. दारावरून जाणाऱ्या माणसाला मी उगाच हाक मारून किती वाजले विचारतो, आणि घड्याळ माझ्याच मनगटावर असतं.) तिसऱ्या शनिवारी मात्र माझा धीर सुटला आणि मीच बोलायला लागलो. भाकर करपते, वरणात मीठ दोनदा पडतं, आणि सकाळी हात आपोआप दोन कप चहा मांडतो, मग दुसरा गार झाल्यावर मलाच प्यावा लागतो. हे सांगायचं नव्हतं, सांगितलं गेलं.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. दुसरा कप कोनाचा हाये? मी सांगितलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत म्हणाली, मी मायची भिंतीकडची जागा सोडूनच निजतो, बाप म्हन्ते सरक तिकडं, पन मी नाही सरकत. बाई, मी मास्तर आहे, पण मला रडू आवरलं नाही. तीही रडली. मग आम्ही दोघांनी गूळ खाल्ला. (चारुशीलाबाईंनी पाहिलं असतं तर दहापैकी शून्य.) त्यानंतर ती बोलते. गुरुवारी तिनं वर्गात उभं राहून आख्खा धडा वाचला, मागच्या बाकापर्यंत ऐकू आला.

(सत्यवती, हे नीट वाच. मागल्या शनिवारी तिनं मला विचारलं, मास्तर, तुमाले कोनीच नाही काय? मी म्हटलं, वलगावले बहीण आहे, रागावली आहे. कौशल्या गेल्यावर तुझी आई इथं पंधरा दिवस राहिली. तिनं कौशल्याची लुगडी घडी करून पेटीत घातली तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि मी म्हटलं, हे माझं घर आहे, तू आपल्या घरी जा. जिनं लोकांच्या वावरात निंदण करून मला शिकवलं, तिला मी हे म्हटलं. ती चहाही न घेता मोटारीला गेली. तेव्हापासून मी लिहितो मजेत आहे, तूही लिहितेस आई मजेत आहे. हे ऐकून मैना म्हणाली, मंग कागद लिवा न, तुमी तं मास्तर हाये.)

असो. पोट्टे सुधरून राहिले, मास्तरही जरासा. तुझ्या शब्दाबाहेर कधी न गेलेला (एकदा सोडून),

देवमन

ता.क. जवसाची चटणी संपली. ती पोस्टानं पाठवू नये, फुटते आणि सांडते. कोणीतरी हातानं आणलेली बरी.

ता.क. दुसरा. सत्यवती, आता पुन्हा वरून सुरुवात कर आणि सगळे कंस आईला मोठ्यानं वाचून दाखव. ती गप्प राहिली तर घाबरू नको, बसून राहा.

ता.क. तिसरा. पत्र घडी करताना मैना शेजारी उभी होती. तिनं माझं अक्षर लावत वरची ‘मी इकडे अगदी मजेत आहे’ ही ओळ वाचली आणि म्हणाली, मास्तर, हे खोटं हाये, पुसा. शाई पुसता येत नाही, म्हणून दुरुस्ती इथं करतो. बाई, मी मजेत नाही. ती पेटी तू ठेवलीस तिथंच आहे. ये. येत्या शनिवारी मी आणि मैना दुपारच्या मोटारीला तुला घ्यायला येतो.