तुला मी खटक्यावर शिकवलं

प्रिय प्रज्ञा,

तू जाऊन चौदा महिने झाले आणि हे माझं तुला पहिलं पत्र. होतीस तेव्हा तुझं सासर, सौंसर, बसने जायच्या अंतरावर होतं, पत्राचं काम कधी पडलं नाही. आता लिहितो आहे, कारण मंगळवारी वानखेडे सर येऊन गेले आणि तेव्हापासून मी अर्ध्या ताटावरून उठतो आहे. तुझी आई म्हणते, बीपी वाढला असेल. बीपीची गोळी मी रोज घेतो, दोनदा पाहून घेतो. हे बीपी नाही.

शुद्धलेखन सांभाळून लिहितो आहे. चुकलं तर तुझ्या शाळेतल्या पोरांच्या वह्यांत करायचीस तसा लाल गोल कर. सातवी शिकलेल्या बापाकडून आणखी काय होणार?

वानखेडे सर म्हणजे नागपूरच्या हॅम रेडिओ क्लबाचे, ज्यांच्याकडे तुला दर रविवारी शिकायला जायचं होतं. म्हातारे झाले तेही. लोक आपल्या घरी स्वतःचा वायरलेस लावतात, परीक्षा देऊन सरकारचं लायसन घेतात आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांशी बोलतात, हे मला पहिल्यांदा तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, "बोलून करतात काय?" तू म्हणालीस, "काही नाही बाबा. तुमच्याकडे पाऊस आहे का, विचारतात."

सरांनी एक निवेदन आणलं होतं. तुमच्यातला तो जुना वाद अजून मिटला नाही बघ. मोठ्या लायसनसाठी मोर्सची परीक्षा राहावी की जावी? क्लबातली तरुण मंडळी म्हणतात काढून टाका, बाहेरच्या बऱ्याच देशांनी कधीच काढली. जुने लोक म्हणतात राहू द्या. सर जुन्यांतले. त्यांना निवेदनावर पहिली सही माझी पाहिजे. "तारवाले बाबा, तुमच्यासारखा हाडाचा मोर्सवाला आता या भागात कोण उरला?" असं म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

तुला माहीत आहे, मी यंत्रावर बसून तार घेणारा तारबाबू नव्हतो. मी तार वाटणारा. सायकलवर तिगावपर्यंत जायचो. मला पाहिलं की बाया दारातच रडायला लागायच्या, तार उघडायच्या आधी. कुणाच्या घरी मुलगा झाल्याची तार असली तरी आधी रडणं. तेव्हापासून माझ्या मनात ही धाकधूक भरली आहे, ती गेली नाही. पण दुपारी काम नसलं की मी तारबाबूंच्या टेबलाजवळ उभा राहायचो. ते साउंडर नावाचं पितळी यंत्र खटखट करायचं. त्याचा दांडा खाली पडला की एक खटका, वर गेला की दुसरा. दोन खटक्यांमधलं अंतर कमी म्हणजे टिंब, जास्त म्हणजे रेघ. तीन वर्षं नुसतं उभं राहून मी ते शिकलो. इंग्रजी येत नव्हतं, पण एकेक अक्षर कागदावर बरोबर उतरवायचो. तारबाबू म्हणायचे, "अर्थ नाही समजत, पण चूक नाही करत." माझ्या आयुष्यातलं हेच एक सर्टिफिकेट, तेही तोंडी.

मोर्स बंद होऊन तार मशीनवर गेली आणि भंगाराचा लिलाव झाला, तेव्हा मी तो साउंडर घरी आणला. त्याच्यामागे चहाचा रिकामा डबा लावला की आवाज खणखणीत व्हायचा. त्याच डब्यासमोर बसून तू शिकलीस. तुझी आई कपाशीच्या वेचणीवरून यायची आणि म्हणायची, "बाप-लेक लोहाराचं दुकान घालून बसले काय?"

तू किती लवकर शिकलीस. मला तीन वर्षं लागली, तुला चार महिने. मी बोटाने दांडा ठोकायचो आणि तू संत्रं सोलता सोलता अक्षरं सांगायचीस, वर पाहायचीसुद्धा नाहीस. माझ्या हातात जे होतं ते तुझ्या कानात गेलं, म्हणून मला वाटायचं की आपल्या घरात आता एक विद्या दोन पिढ्यांची झाली. आमच्या बापाने मला काय दिलं होतं? कुदळ.

म्हणून मी तुला नागपूरला शिकायला जाऊ दिलं नाही. तू दोनदा विचारलंस. मी म्हणालो, "घरी तारवाला बाप असून दुसऱ्याच्या दारात काहून जाऊन राहिली?" तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस. का नाही विचारलंस, प्रज्ञा?

आणि ते छोटं लायसन. मोर्सची परीक्षा न देता मिळणारं. त्यात थोड्याच रेडिओ लहरी वापरायला मिळतात, पण माणसाशी बोलता येतं. तुझं म्हणणं होतं की आधी तेच घेऊ. मी ओट्यावर बसून तुझ्याशी किती भांडलो. मी म्हणालो, आवाज पोहोचत नाही तिथे मोर्स पोहोचतं, ते न येणारा वायरलेसवाला कसला? आम्ही उभं राहून शिकलो, यांना बसल्या जागी पाहिजे. तू म्हणालीस, "बाबा, आधी लोकांना आत तर येऊ द्या. आत आले की शिकतील. उंबरठाच डोक्याएवढा उंच केला तर तुमच्यासारखा सातवीवाला आत आला असता का?" मला फार राग आला होता. तुझं म्हणणं खरं होतं म्हणून आला होता. मी म्हणालो, "अर्धं लायसन माझ्या घरात नको. घेशील तर पूर्ण घे."

परीक्षेला नागपूरला मीच सोबत आलो होतो. दाराबाहेर बाकावर बसलो. मला खात्री होती, तरी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. आतून बारीक आवाज येत होता, भोंग्यासारखा. मला वाटलं, कुठली तरी मशीन तपासत असतील. बघ, मी भिंतीच्या पलीकडे बसून तुझा पेपर ऐकत होतो आणि तो पेपर आहे हे मला कळलं नाही.

तू बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा असा होता की मी विचारलंच नाही. गाडीत काटोल गेल्यावर तू म्हणालीस, "बाबा, तिथे आवाज वेगळाच होता. खटका नव्हताच. नुसता सूर, टीं टीं. मला त्यात अक्षरं सापडलीच नाहीत."

मी काय म्हणालो आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. "आवाज बदलला म्हणून अक्षर बदलते काय? तुझं ध्यान नव्हतं." तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. नंतर हा विषय तू कधी काढला नाहीस.

मी मात्र काढत राहिलो. पांढुर्ण्यात ज्याने विचारलं त्याला सांगितलं, लग्नाची बोलणी चालू होती, पोरीचं मन थाऱ्यावर नव्हतं. मिलिंदच्या तोंडावरसुद्धा म्हणालो. तो भला जावई, ऐकून घेतलं. आणि मागच्या वर्षी, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला, सौंसरच्या तुझ्या शाळेतली पोरं पुढे बसलेली असताना, बुद्धवंदना झाल्यावर मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "माझी प्रज्ञा आयुष्यात एकच परीक्षा नापास झाली, ती बापाची विद्या." लोकांना वाटलं मी कौतुकाने बोललो. मिलिंदने मान खाली घातली होती.

मंगळवारी सही करायच्या आधी सर म्हणाले, "बाबा, थोडी मजा करू. हे वाचा." आणि त्यांनी मोबाइलवर मोर्स लावलं.

तोच भोंगा. टीं टीटी टीं.

मी पेन्सिल घेतली. कान लावला. एक अक्षर आलं नाही, प्रज्ञा. मला वाटलं मोबाइल खराब आहे. सरांना म्हणालो, हळू लावा. त्यांनी हळू लावलं. आवाज सुरू होतो आणि थांबतो, त्याला खाली पडणं नाही, वर जाणं नाही. माझा कान दुसऱ्या खटक्याची वाट पाहत राहतो आणि तो येतच नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. मी म्हणालो, "सर, वय झालं, कानाचं काम उरलं नाही."

ते हसले. "कानाचं नाही बाबा. तुम्ही खटक्यावर शिकले. खटक्याच्या माणसाला सूर वाचता येत नाही, आणि मला तुमचा साउंडर वाचता येणार नाही. वेगळी सवय करावी लागते. आमच्याकडे महिनाभर आले असते तर झालं असतं."

महिनाभर. चार रविवार.

सरांना काही माहीत नव्हतं. ते सहज बोलले आणि चहा प्यायला लागले. मी सही केली नाही. म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता. ते म्हणाले, "मग रविवारी नागपूरला मीटिंग आहे, तिथेच करा. चार शब्द बोला."

ते गेल्यावर तुझी आई आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ती तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे पोरगी खरं सांगून राहिली होती."

मी सरांची कपबशी उचलायला लागलो.

"अवो, मी तुम्हाले विचारून राहिली. तिनं गाडीत सांगितलं होतं नं? मले घरी येऊन सांगितलं तिनं. मी म्हटलं, बाबा म्हणतात तेच खरं असंल. मीबी तशीच." मग ती रडली. तू गेलीस तेव्हा तिने माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं, मी घाबरतो म्हणून.

आता मला रागावू दे तुझ्यावर थोडं. तू एकदाच का सांगितलंस? शाळेत पोरांना दहा वेळा समजावून सांगायचीस. बापाला एकदाच? साउंडर उचलून आपटायचा होतास. मास्तरीण झालीस, संसार केलास, मग ते छोटं लायसन माझ्या परवानगीवाचून का घेतलं नाहीस? मिलिंद मागे एकदा म्हणाला, तो फॉर्म आणून द्यायला तयार होता. तू म्हणायचीस, "बाबांना आवडणार नाही." मला तर पुष्कळ गोष्टी आवडत नाहीत. मला बसची मागची सीट आवडत नाही. तेवढ्याने कोणी गप्प बसतं का?

तुझ्याकडे एक जुना रिसीव्हर होता, वायरलेसचं नुसतं ऐकायचं यंत्र. सौंसरला मी आलो की तू कानाला लावून बसलेली दिसायचीस. लोक बोलायचे आणि तू ऐकायचीस. एकदा कोणी तरी दूरच्या गावचा माणूस विचारत होता, मला कोणी ऐकतंय का? पुन्हा पुन्हा विचारत होता. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "मी ऐकतेय, पण सांगता येत नाही." लायसन नव्हतं. मी म्हणालो, "दुसरा कोणी सांगंल." आणि चहा मागितला. इतकी वर्षं तू नुसती ऐकत राहिलीस. मग ती कावीळ आली, आणि नागपूरच्या दवाखान्यातून तू घरी आली नाहीस. तुला एका माणसालाही विचारता आलं नाही, तुमच्याकडे पाऊस आहे का.

हे लिहिताना अक्षर वाकडं येतं आहे. माफ कर म्हणायला मला लाज वाटते. चूक माझ्याकडून अजाणतेपणी झाली, असं मिलिंद नक्की म्हणेल. शिकवण्यातली चूक अजाणतेपणी झाली, हे खरं. पण गाडीत तू सांगितलंस तेव्हा मला ऐकू येत होतं.

मला भीती वाटते आहे, तेही सांगतो. पांढुर्ण्यात मला कोणी नावाने ओळखत नाही, तारवाले बाबाच म्हणतात. या एका गोष्टीवर मी बाजारात मान वर करून चालतो. ती गेली तर माझ्याजवळ काय राहतं? तीन दिवस मी हाच हिशोब करतो आहे. आईला म्हणालो, नागपूरला जायलाच नको, मला चक्कर येते. ती म्हणाली, "सही करा नाही तर नका करू, तुमचं तुम्ही पाहा. पण माझी पोरगी नापास नव्हती, एवढं सांगून या. चक्कर आली तर खाली बसून सांगा."

तर तुला वचन देतो. उद्या सौंसरला जाऊन मिलिंदला सांगतो, आणि त्याने नेलं तर तुझ्या वर्गातल्या पोरांनाही सांगतो. रविवारी सकाळच्या गाडीने नागपूरला जातो, आई सोबत येते आहे. सही करणार नाही. ज्याला मोर्सची हौस आहे त्याने शिकावं, सर शिकवतील, पण ते दारात आडवं घालू नका, असं तुझंच म्हणणं तुझ्या नावाने सांगीन. पण त्याच्या आधी सरांना मोबाइल लावायला सांगीन. सगळ्यांच्या समोर कागद-पेन्सिल घेऊन बसेन, तो सूर शेवटपर्यंत ऐकीन, आणि कोरा कागद त्यांच्या हातात देईन. मग विचारू दे त्यांना, तारवाले बाबा, हे काय? मी सांगीन, माझ्या पोरीने हाच पेपर दिला होता. तिला मी शिकवलं होतं.

तुझा,
बाबा
पांढुर्णा