गुळगुळीत तळाची प्लेट

प्रिय अंकुर,

लिहीन-लिहीन म्हणत हे पत्र लई दिवस ढकललं. मधी मुकुटबनले कामावर गेलतो, तिथून एका ट्रकवाल्यासंगं आदिलाबाद पाहून आलो, कायले ते विचारू नको. आता परत आर्णीत, आपल्याच ट्रॉफीच्या दुकानात, लेझर मशीनवर. कबड्डीचा सीझन आहे, नुसते कप कापून राह्यलो. फोनच केला असता, पण तू मले ब्लॉक केलं ना!

मशीनचा पट्टा ढिला झालता तो दिवस आठवते? दोन पाणी एकमेकांत मिसळावं म्हणून प्लॅस्टिकच्या प्लेटमधी केसासारख्या बारीक नाल्या कापून आपण थकलो होतो. लाल पाणी इकडून, निळं तिकडून सोडलं की दोन्ही शेजारी-शेजारी शेवटपर्यंत जायचे, पण मिसळायचे नाहीत. एवढ्या बारीक जागेत पाणी घुसळत नाही, तूच सांगितलं होतं. त्या दिवशी पट्ट्याच्या हिसक्यानं नालीच्या तळाशी तिरपे ओरखडे पडले. मालक शिव्या देऊन राह्यला, अन् आपण त्या वाया गेलेल्या प्लेटमधी गंमत म्हणून रंग सोडले. रंग दोन बोटं पुढं जात नाही तर जांभळं! तू मले उचलूनच घेतलं. मग पावसाळाभर मी ओरखडे बदलत गेलो, तू मोजत गेला. फवारणीचं औषध पंपातच पाण्यात मिसळलं तर ड्रममधी हात घालायचं काम नाही, हे माह्या बापाचे सोललेले हात पाहून आपण दोघांनी ठरवलं होतं. दोघांनी, अंकुर.

मग तुह्या कॉलेजचा व्हिडिओ आला. 'ही कल्पना माझ्या एकट्याची,' म्हणते साहेब. प्लेट कोणं कापली विचारलं, तर 'आहे एक कटिंगवाला.' माह्यं नाव येईन म्हणून मायनं अख्खा तांडा जमा केलता. संपल्यावर म्हणे, "मोबाईल खराब हे का रं? मधीच आवाज तुटला वाटते." मी हो म्हटलं.

आता तुही प्लेट तडकली, उद्या नागपूरले स्पर्धेचे परीक्षक येऊन राह्यले, तर दुसरी मागायले तू तुह्या कॉलेजातल्या त्या ऋतिकले धाडलं. कापून दिली. झाकण चिकटवल्यावर ओळखू येत नाही, पण हिचा तळ गुळगुळीत आहे. एक ओरखडा नाही. उद्या सगळ्यायसमोर लाल एका काठानं जाईन, निळं दुसऱ्या काठानं, अन् तू पाहतच राहशीन. हे पत्र प्लेटच्या डब्यात फोमखाली ठेवतो. काय बिघडलं म्हणून उपसशीन, तेव्हा सापडन. ओरखड्यांची प्लेट माह्यापाशी आहे. पाहिजे असन तर माईक हातात घे अन् माह्यं नाव सांग, आडनावासकट.

तुझाच,
बादल

थांब. डबा न्यायले ऋतिक येणार होता, पण ऑटोतून कोकिळाकाकू उतरली. तुही माय. नवं लुगडं, हातात चिवड्याची पिशवी. "पहिल्या रांगेत बसवून राह्यला तो मले. पोराची मशीन मीच नेतो बाप्पा! तूही चाल न, बादल." डबा तिनं मांडीवर घेतला बी, अन् पत्र अजून माह्या हातात आहे.