दत्तूचा पहारा

६ जानेवारी, मंगळवार
कंपनीत गेलो नाही. दिवसभर दवाखान्यात. काल तिन्हीसांजेला पिरंगुटच्या बसथांब्यावर वानखेड्यांवर कोयत्याचे वार झाले. डावा हात आणि खांदा. आमच्या मागच्या खोलीत दोन वर्षं भाड्यानं राहतात. मूळचे वाशिमकडचे, हिंजवडीत ऑफिसला जातात. भाजी घेऊन आमच्या उरवड्याच्या बसची वाट बघत उभे होते. मारणाऱ्यानं तोंडाला रुमाल बांधलेला. बोलला नाही, काही मागितलं नाही. पाकीट, मोबाइल, मेथीची जुडी, सगळं जागेवर.
जीवाला धोका नाही, डॉक्टर म्हणाले. बोटांचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.
त्यांची बायको प्राजक्ता रडत नाही. एकच विचारते. "काका, ह्यांनी कुणाचं काय केलं होतं?"
मी म्हणालो, पांडुरंग आहे. ते काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

७ जानेवारी, बुधवार
पहिली पाळी. सुटल्यावर टपरीवर चहा. दुसरा विषय नाही.
"कायतरी असंलच. उगं कोण कुनाला मारतंय?"
एकाच्या मते बाईचं प्रकरण, एकाच्या मते ऑफिसातलं भांडण. वानखेड्यांना ओळखणारा तिथं मी एकटा. म्हणालो, फोनवरसुद्धा हळू बोलणारा माणूस आहे तो. तर टपरीवाला म्हणतो, "तेच तर नाना. हळू बोलनारीच लई खोल असत्यात." सगळे हसले.
कारण सापडलं की बरं वाटतं. आपल्याकडे ते कारण नाही, म्हणजे आपल्याला भीती नाही. घरी येताना मीही मनात शोधत होतो, त्यांनी खरंच कुणाचं काही केलं असेल का.

८ जानेवारी, गुरुवार
देवळात बैठक. होती हरिनाम सप्त्याच्या तयारीची, झाली भाडेकरूंची. सगळ्यात मोठा आवाज दत्तूचा. दत्तू आणि मी पहिली ते सातवी एका बाकावर. आता चार म्हशी, गावात दुधाचा रतीब. आमच्याकडे आणि वानखेड्यांकडेही त्याचंच दूध.
"बाहेरची मानसं भरली गावात. कोन कुटला, ठावं न्हाई. आधी खोल्या रिकाम्या करा."
कुणीतरी म्हणालं, "दत्तू, मार खाल्लेला बी बाहेरचाच हाय की."
"म्हंजे त्यांचं आपसातलंच."
टाळ्या पडल्या. ठरलं की खोलीवाल्यांनी भाडेकरूंचे कागद पोलिसांत द्यायचे आणि एकट्या पोरांना खोली द्यायची नाही. ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा, असं तात्या म्हणाले. तात्या म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष.
मी हात वर केला. लिहून ठेवतो.

१० जानेवारी, शनिवार
सकाळी पोलीस गावात आले. कुणाच्या भाडेकरूकडे नाही गेले. दत्तूच्या घरी गेले.
दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडला तो अक्षय. दत्तूचा थोरला. बावीस वर्षांचा. कोयता गोठ्यात सापडला, वैरणीचा नेहमीचा. आमच्या प्रत्येकाच्या घरात आहे तसा.
दत्तू मोजून तीन शब्द बोलला म्हणतात. "बूट घालू द्या." पोराला.

१२ जानेवारी, सोमवार
टपरी तीच, माणसं तीच. गुरुवारी देवळात बाहेरचा हवा होता, आज दत्तूच्या घरातला दोष हवा. मोबाइल. गांजा. आईचे लाड. जमीन विकली आणि पोराला गाडी घेतली. शाळेत छडी राहिली नाही. एकानं गोठ्याचं तोंड दक्षिणेला आहे इथपर्यंत आणून सोडलं.
जमीन आम्हीही विकली, खालची. गाडी आमच्याही मुलाला घेतली. तो कोल्हापूरला शिकतो. फोन करून नुसतं विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, नाना, तुमी दुपारी कधी फोन करत न्हाई, काय झालं?
एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, सौ.लासुद्धा. दिवाळीत अक्षय आमच्या परसात आला होता. दोस्त मोबाइल धरून उभा, आणि हा कोयत्यानं केळीच्या बुंध्यावर वार करतोय. चांगली व्यायला झालेली केळ. मी ओरडलो. "नाना, फकस्त व्हिडिओ हाय," म्हणाला, आणि हसून पाया पडून गेला.
मी केळीचं बोललो. दुसरं काही बोलायचं सुचलंच नाही.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. दत्तूच्या घरी तिळगूळ द्यायला कुणी गेलं नाही. त्याची बायको वाणवशाला बाहेर पडली नाही.
दूध सोमवारपासून बंद केलंय लोकांनी. नव्या बिल्डिंगांच्या सोसायटीवाल्यांनी ग्रुपवर लिहून, गावातल्यांनी न लिहिता. दत्तू किटली घेऊन दारापर्यंत येतो, दार उघडत नाही, पुढं जातो. आज आमच्या दारात आला. सौ. आत गेली. दूध मी घेतलं.
मग तिचं माझं झालं. "त्या प्राजक्तानं मागच्या दारात बसून बघायचं का, त्याच्या घरचं दूध आपल्या चुलीवर?"
"दुधानं काय केलं?"
"दुधानं न्हाई केलं. पण मला त्या पोरीला तोंड दाखवायचंय."
ती चूक नाही. मीही चूक आहे असं वाटत नाही. दूध मांजरांनाच गेलं. उद्यापासून नको म्हणून मीच सांगितलं दत्तूला. "बरं," म्हणाला.

१६ जानेवारी, शुक्रवार
पाळी संपल्यावर दत्तूकडे गेलो. दार सताड उघडं, पण आत कुणी नाही असं वाटावं. बायको माहेरी. तो गोठ्यात. मी आपला वैरण सारायला लागलो. दुसरी पेंढी सोडता सोडता तो बोलला.
"काल भेटू दिलं. म्या इचारलं, का रं? तर म्हनला, उभा व्हता."
"कोण?"
"त्यो मानूस. पाठमोरा उभा व्हता. तोंड बी बघितलं न्हाई म्हनला. म्या म्हनलं, आपल्या गावात ऱ्हातो रं त्यो, आपलं दूध जातं त्याच्या घरी. तर नुसता बघत बसला माझ्याकडं."
मग म्हणाला, "नाना, दारू प्यालो व्हतो म्हनला असता, कुनी सांगितलं म्हनला असता, तर म्या त्येला शिव्या घातल्या असत्या. आता कुनाला घालू?"
म्हैस पाय आपटत होती.
"आन् त्या गुरुवारी म्या देवळात बोलत व्हतो, तवा त्यो हितं घरात भाकरी खात व्हता."
निघताना म्हणाला, "यादीतलं माझं नाव काढ. तुला जड जाईल."
सप्त्यात वीणेच्या पहाऱ्याची यादी अकरा वर्षं मीच लिहितो. दोन-दोन तासांचे पहारे. तिसऱ्या दिवशी बारा ते दोन, दत्तू. अकरा वर्षं तीच ओळ.

१८ जानेवारी, रविवार
बैठक. यादी वाचायला घेतली. तिसऱ्या दिवसापाशी तात्यांनी थांबवलं.
"ह्ये नाव वाचू नको."
"का?"
"का म्हंजे? दत्तूच्या मागनं माझा पहारा हाय. वीना घेताना मी त्येच्या पाया पडायचं, गळ्याला गळा लावायचा? ज्याच्या पोरानं मानूस तोडला त्येच्या?"
धोंडूबाबा ऐंशीच्या पुढचे, सप्ता सुरू केला त्या पिढीतले आता एकटेच उरलेले. म्हणाले, "पहारा दोन कारनांनी चुकतो. सुतक न्हाईतर आजार. दत्तूला काय झालंय?"
"ह्ये सुतकच म्हना."
"बरं, सुतकच. सुतक फिटायचा दिस ठरलेला असतो. ह्येचं किती दिसांनी फिटतंय, तेवढं तात्या सांग, म्हंजे नाना तसं लिवंल."
थोडे हसले. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "मला पोरीबाळी हायेत, बाबा." ते खोटं नाही. पांडू वायरमनची मुलगी कॉलेजला त्याच थांब्यावरून जाते. त्या दिवसापासून घरात बसून आहे.
शेवटी काय, तर "यादी नानाची, नानानं बघावं." सगळे उठले. नाव काढलं तरी मी, ठेवलं तरी मी.

२० जानेवारी, मंगळवार
वानखेडे काल घरी आले. आज मागच्या खोलीत गेलो. टेबलावर हात पसरून बसले होते. दोन बोटं हलतात, बाकीची तीन नाहीत.
मला तिथं विचारायलाच नको होतं. तरी विचारलं. म्हणालो, देवळात असं असं आहे, दत्तूला उभं करावं का, तुम्हाला काय वाटतं.
वानखेडे हाताकडे बघत राहिले. प्राजक्ता म्हणाली, "काका, आमी हो म्हटलं तर तुमी मोकळे, नाही म्हटलं तरी मोकळे. असंच ना?"
मी जायला उठलो.
मग वानखेडे म्हणाले, "हात जरा बरा झाला की खोली सोडतो, काका. तुमच्यावर राग नाही. पण मागे कुणी येऊन उभं राहिलं की सहन होत नाही. मघाशी तुम्ही आलात तेव्हाही..."
आता तिकडे जाताना दुरूनच हाक मारत जायचं. एवढंच मला करता येण्यासारखं.

२१ जानेवारी, बुधवार
यादी लिहिली. खांबाला चिकटवली. तिसरा दिवस: दहा ते बारा मी, बारा ते दोन दत्तू, दोन ते चार तात्या, चार ते सहा पांडू.
सौ.नं वाचलं. "ठेवलंत व्हय," एवढंच. रागानं की कसं, कळलं नाही. पंचवीस वर्षांत असं झालेलं नाही.
दत्तूला सांगायला गेलो. म्हणाला, "कशाला?" मी म्हणालो, "दुसरं नाव लिहायला हात चालंना." तो बादली उचलून म्हशीकडे गेला.
आपण हे दत्तूसाठी केलं की केळीच्या दिवसासाठी, माहीत नाही. पांडुरंगाला माहीत.

२२ जानेवारी, गुरुवार
सप्ता बसला. थंडी बरी आहे. वीणा उभी राहिली. आता सात दिवस ती खाली टेकायची नाही. एवढं एक लहानपणापासून आवडतं. घेणारा आल्याशिवाय देणाऱ्याला हलता येत नाही.

२४ जानेवारी, शनिवार
यादीची एक प्रत खिशात होती, तिच्याच पाठीवर देवळाच्या पायरीवर बसून लिहितोय. घरी उतरवीन.
दहाला उभा राहिलो. बाराला पाच मिनिटं असताना दत्तू आला. आंघोळ केलेली, टोपी कडक. कुणाकडे न बघता सरळ माझ्यासमोर. पाया पडला तो लवकर उठेना. गळाभेट घेतली. अंगाला तोच वैरणीचा वास. वीणा गळ्यात घातली.
चार टाळकरी होते, दोघं चहाला म्हणून गेले. पखवाजवाला बसून राहिला. दत्तूनं अभंग धरला.
दोनला तात्या आले नाहीत. नातवाबरोबर निरोप आला, ताप आहे.
वीणा खाली ठेवता येत नाही. मी उठलो. दत्तूनं मान हलवली, नको. मी दोन पावलं पुढं गेलो, तर भजन न तोडता डोळ्यांनीच बस म्हणाला. खरं आहे. मी घेतली तर माझीच मला परत आल्यासारखी. त्यात गाव कुठं आलं?
अडीच. पाय बदलत उभा आहे. गुडघ्याचं दुखणं जुनं आहे त्याचं.
तीन. सौ. आली. बायकांच्या बाजूला बसली. दत्तूकडे एकदाही बघितलं नाही. पण शेजारी पडलेले टाळ उचलले आणि वाजवायला लागली.
धोंडूबाबा खांबाला टेकून डोळे मिटून. झोपले वाटलं, तर ओठ हलत होते.
पावणेचार. बाहेर आठ-दहा जण उभे आहेत. आत येत नाहीत, जातही नाहीत. "त्येला भोवळ यायची आता," कुणीतरी हळू म्हणालं. "यिऊंदे," दुसरा. आणि लगेच तोच, "पानी तरी द्या रं कुनीतरी." दिलं. दत्तूनं मानेनंच नको म्हटलं.
चार. पहाऱ्याची पाळी पांडूची, तो आला. मुलीला बरोबर घेऊन आला. ती पायरीशी उभी आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर. पांडू नळावर गेला. पाय धुतले. हात धुतले. तोंड धुतलं. परत पाय धुतोय. मुलगी म्हणाली, "पप्पा, पानी वाया चाललंय." त्यानं ऐकलं. नळ बंद केला. पण वळला नाही अजून. भिंतीकडे तोंड करून तसाच ओल्या पायांनी उभा आहे.
आत दत्तूनं पुढचा अभंग धरला.