तीन रेघांच्या आत

सोमवार, ९ जून
खोपोलीच्या शाळेत नवी होते तेव्हा मुख्याध्यापिका मागच्या बाकावरून म्हणाल्या होत्या, "बाई, फळा इतका भरू नका, पोरांना कुठून वाचायचं तेच कळत नाही." आज आमच्या ऑनलाइन रुग्णसेविका कोर्सचं पान बघून ते आठवलं. वर सरकती जाहिरात. मग 'डॅशबोर्ड', 'माझं शिक्षण', 'अभ्यासक्रम'. तिन्हींतलं कुठलंही दाबलं तरी एकाच ठिकाणी. मी जीव ओतून लिहिलेले धडे तळाशी. पुण्याच्या ऑफिसात पानाचं काम बघणाऱ्या निखिलला फोन केला. "ताई, लोकांना जरा एक्सप्लोर करू दे ना!"
फोन ठेवला.

बुधवार, ११ जून
खालापूरजवळच्या गावात, सुनीता आणि रेश्माकडे. सख्ख्या जावा, दोघींनी कोर्सला नाव घातलंय. फोन सुनीताच्या नवऱ्याचा. तो रसायनीला कंपनीत, रात्रपाळी करून आला की झोपतो, तेवढ्यात या शिकतात. एक बघते, दुसरी भाकऱ्या थापता थापता ऐकते, मग अदलाबदल. सगळे धडे झाले. पण नोंद सगळी सुनीताच्या नावावर. रेश्माचं पान कोरं, परीक्षेला कुलूप.
शिकणारीचं नाव बदलायचं बटण कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या आत, त्याच्याही आत.
रेश्मा : "त्या रेघा व्हय? मला वाटलं नक्षी हाय."
सुनीता : "बघा म्याडम, हुशारी हिची न् मार्क माझे! आमच्या घरात असंच चालतं."
हसलो तिघी. मग रेश्माने नोकरीचं काढलं. खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरच्या दवाखान्याने तिला सांगितलंय, महिनाअखेर पास झालीस तर ये, नाहीतर दुसरी बघू.

गुरुवार
निखिल : "एका फोनवर दोघी? रेअर केस आहे, ताई."
इकडे घरोघरी हेच. म्हटलं, खालापूरला ये एकदा. नवं डिझाईन दिवाळीनंतर म्हणे.

शनिवार, १४ जून
कागदावर पान काढलं. वर 'कोण शिकतंय?', खाली दोघींची नावं. मग 'पुढचा धडा'. बास. गावात जाऊन रेश्मापुढे धरलं, बोट सरळ स्वतःच्या नावावर. "हे बरं हाय. कवा येनार?" चहा पिता पिता तिला धड्यांतलं एकेक विचारलं, सगळं बरोबर.
फोटो निखिलला पाठवला. उत्तर : "लव्हली! पण जाहिरात काढता येणार नाही."
लव्हली.

मंगळवार, १७ जून
रेश्माचा फोन, दबक्या आवाजात. "म्याडम, पयल्यापासून परत बघू का सगळं? पन भावजींची दिवसपाळी लागली उद्यापासून. फोन त्यांच्यासंगं जानार."
माझा फोन देते म्हटलं. "नको, घरात विचारतील, कुनाचा हाय." सासूला अजून नोकरीचं सांगितलेलं नाही.
दुपारभर चिडचिड. भाजी करपली.
शेवटी निखिलला लिहिलं. नियमात बसत नाही म्हणेल, वर हसरा चेहरा टाकेल, माहीत आहे मला. तरी पाठवलंच :
जाहिरात राहू दे, तीन रेघा राहू दे, दिवाळीनंतर काय ते कर. फक्त रेश्माच्या परीक्षेचं कुलूप आज काढ. धडे तिने केलेत, मी समोर बसवून विचारलेत. माझ्या शब्दावर काढ.