पिवळ्या लाकडाचं नाव

आये, तुझी पणती ठाण्याला माजिवड्याच्या बाजूच्या कॉलेजात औषधं शिकते, आणि तिथे ती माणसाचं आतडं पाळते. पाळते असंच म्हणते मी, कारण त्याला खायला घालायला ती रविवारीसुद्धा डोंबिवलीहून जाते. घरात स्वतःचं ताट मात्र उचलत नाही. आख्खं आतडं नाही गं. चपट्या डबीत एक पातळ पडदा, त्यावर आतड्याच्या पेशींचा एकच थर. तो नीट विणून यायला तीन आठवडे लागतात म्हणे. मी विचारलं, "कुणाचं आतडं?" तर म्हणाली, "कुणाचं तरी. तो माणूस कधीच गेला आजी, पेशी वाढतायत अजून." मी चहा ठेवलेला तो उतू गेला. मेल्यावरही ज्याचं आतडं काम करतं, त्याला काय म्हणायचं, नशीबवान की काय, तूच सांग.

त्या थरावर हे लोक चिनी झाडपाल्याचा काढा ओततात आणि खाली किती उतरला ते बघतात. मी म्हटलं, "चिनी कशाला? आपला पाला काय मेला?" ती म्हणते, "सरांनी जे दिलंय ते करायचं, आजी. तू पीएचडी कर, मग तुझा पाला घेऊ." जिभेला धार आहे, माझ्यावरच गेलीय. मग तिनं सांगितलं, चिन्यांच्या काढ्यात एक वनस्पती राजा, बाकीच्या प्रधान आणि शिपाई, आणि एक नुसती वाट दाखवायला. मी ताठ बसले. तू खलात मिरी चेचताना म्हणायचीस, "ह्या औषद नाय, ह्यो वाटाड्या हाय." तू तर शहाडच्या पुढे कधी गेली नाहीस. मग चीनची गोष्ट तुला कुणी सांगितली?

एकदा ती त्यांच्या मुळीचा तुकडा पिशवीतून घरी घेऊन आली. कोंबडीच्या पायासारखा वाकडा. मी तोडून जिभेवर ठेवला. "आजी! तोंडात काय घालतेस, लॅबचं आहे ते!" ती ओरडेपर्यंत माझं तोंड कडूजहर झालेलं आणि बोट पिवळं. तोच पिवळा, आये. झाड वेगळं, देश वेगळा, पण आतला पिवळा पदार्थ एकच आहे, असं ती म्हणाली. डोळ्यांपुढे आपलं दार दिसत होतं: बुधवार आणि रविवार, उपाशीपोटी आलेली माणसं ओट्यावर उकिडवी बसलीत, तू एकेकाला उन्हाकडे तोंड करायला लावून खालची पापणी ओढतेस, डोळा पिवळा दिसला तरच सहाणेवर लाकूड उगाळतेस आणि ताकातून देतेस. लोकांना सांगतेस, डोंगरातून आणलंय. डोंगरातून कुठलं? कल्याणच्या काष्ठौषधीवाल्याकडून ते मी आणायचे, कोथिंबिरीच्या जुडीखाली लपवून. एकदा शेजारणीनं गोड बोलून विचारलं आणि मी दारुहळद म्हणून मोकळी झाले. तू ओल्या हातानं अशी वाजवलीस की गालावरची पिवळी बोटं संध्याकाळपर्यंत गेली नाहीत. "नाव घेतला का गुन जातो!" मला तेव्हाच वाटलेलं, गुण नाही जात, गिऱ्हाईक जातं.

तर मी नातीला विचारलं, यातलं आत किती जातं? ती म्हणाली, जवळजवळ काहीच नाही. मला राग आला. "मग माझ्या आईकडची माणसं बरी कशी झाली?" "कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, आजी." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरताना मीच विचारलं, कारण मला चैन पडेना, की जात नाही म्हणजे अडवतं कोण? तेव्हा तिनं बाकीचं सांगितलं. आतड्याच्या पेशींना दारं असतात आणि दारात वॉचमन असतात. पिवळा पदार्थ आत शिरला की वॉचमन त्याला धरून पुन्हा बाहेर ढकलतो. पोटातले जंतू त्याचं रूप थोडं बदलतात तेव्हा तो शिरतो, तोही थोडाच. आणि गंमत पुढे आहे. वॉचमन या पिवळ्याशी झटापट करत बसला की दुसरं एखादं औषध, ज्याला तो एरवी परत पाठवतो, ते सरळ आत जातं. "आपल्या सोसायटीसारखं," ती म्हणाली, "तू त्याच्याशी भांडत बसतेस, तेवढ्यात सेल्समन वर येतात." मी हसले. पोळी तव्यावर जळली.

जळली कारण मला तुझ्या शेवटच्या वर्षाची होळी आठवली. तुला डॉक्टरांनी हृदयाची बारीकशी गोळी दिलेली. आठवड्याभरात तुझी अन्नावरची वासना उडाली, उलट्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी तू भात बघून म्हणालीस, "ह्यात हलद कुनी घातली?" भात पांढरा होता. मग भिंत पिवळी, माझं लुगडं पिवळं. सगळे म्हणाले, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, लहान पोरालाही ठाऊक आहे. तूही तेच म्हणालीस आणि मला सहाण काढायला लावलीस. मी तुझी पापणी ओढून बघितली, आये. डोळा कवडीसारखा पांढरा होता. तूच शिकवलेलं, डोळा पांढरा तर लाकूड नाही. तरी मी उगाळलं, मिरी घालून, पाच दिवस. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं, आठव्या दिवशी तू गेलीस.

हे मी नातीला सगळं सांगितलं. ती पोळी चावायची थांबली. म्हणाली, त्या गोळीचं माप फार बारीक असतं, रक्तात जरा जास्त झाली की अन्न नकोसं होतं, जग पिवळं दिसतं. मी म्हटलं, सरळ सांग, माझ्या लाकडानं मारलं का तिला? "नाही सांगता येत, आजी. गोळीच जास्त झाली असेल आधी. हृदय थकलं असेल. लाकडानं भर घातली असेल किंवा नसेलही. डबीतलं आतडं वेगळं, माणसाचं वेगळं." गोड खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. मग तिचं लक्ष माझ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेलं. "आणि तू? तू घेतेस का ते?" मी घेत होते. दोन महिने, पोटासाठी, तिच्या आईच्या चोरून.

दुसऱ्या दिवशी तिनं मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. पोरगेलेसे आहेत. "बाकी काही घेता का, आजी?" त्यांनी लिहितालिहिता विचारलं. मी म्हटलं, "दारुहळद. उगाळून, मिरी घालून, ताकातून." गालाला हात गेला माझा. त्यांनी पेन खाली ठेवलं, कधीपासून, किती, सगळं विचारलं आणि बंद करायला सांगितलं. ओरडले नाहीत. हसलेही नाहीत.

हे कुणाला वाचून दाखवणार नाही, आणि तुला पोचायचा प्रश्नच नाही, म्हणून आता लिहिते. तुझ्या वेळच्या डॉक्टरांनीही मला विचारलं होतं, घरचं काही देता का म्हणून. मी नाही म्हटलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की आईनं नाव घ्यायला मनाई केलेली, म्हणून गप्प राहिले. खोटं आहे. तुझा नियम मला तेव्हा आठवलासुद्धा नव्हता. डॉक्टरांच्या टेबलासमोर पायांत चप्पल नव्हती माझ्या, आणि मला अडाणी दिसायचं नव्हतं.