आईच्या रोपाला किती साखर

४ फेब्रुवारी
आईची स्ट्रॉबेरी जाणार! मुळं कुजलीत, रोप कुंडीत सैल दातासारखं डुलतंय. आई गेली तेव्हा मी परगावी शिकत होते. परतले तेव्हा तिच्या हातचं जिवंत असं खिडकीत हेच उरलं होतं. बाबा म्हणाले, जाऊ दे, म्हातारं झालंय. असं म्हणवतं तरी कसं त्यांना!
शेंडा कापून मी काम करते त्या लॅबमध्ये नेला; तिथं काचेच्या बरण्यांत, मातीविना रोपं वाढवतात.

६ फेब्रुवारी
लॅबच्या मॅडमनी नाक मुरडलं — अशी रोपं बाजारात ढिगानं मिळतात म्हणे. तरी बरण्यांसाठी एक फळी दिली. ऑगस्टअखेर रोपं मातीत जगली नाहीत तर बरण्या रिकाम्या करायच्या.

२० मार्च
शेंडा जगला, फुटवे आले! ते वेगळे करून तीन तऱ्हेच्या बरण्यांत लावले. एकीत साधी साखर, दुसरीत ग्लुकोज, तिसरीत फ्रुक्टोज. बाकी सगळं तेच. बरणीतलं रोप उजेडातून स्वतःचं अन्न फारसं बनवत नाही, आयतं गोड पितं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तुझ्यासारखंच. सकाळचा चहा मला आयता तेच देतात ना!

११ एप्रिल
दुपारभर बरण्यांच्या खोलीत. गुलाबी उजेड, पंख्यांची एकसुरी घरघर. डोळे मिटले की वाटतं, फळ्या हळूहळू श्वास घेताहेत. आई आली. एकेका बरणीत डोकावत गेली. मला हाक मारायची होती, पण तोंडात सगळं गोड-गोड झालेलं.
जाग आली तेव्हा गालावर टेबलाच्या कडेची खूण.

२ मे
फ्रुक्टोजमधली पानं काचेसारखी झाली, पाणी भरल्यासारखी. टाकून दिली. साध्या साखरेतली ठीकठाक. आणि ग्लुकोजमधली — काय बाळसं धरलंय! दृष्ट लागेल.

९ जून
मातीत लावलेली पहिली खेप गेली. सगळ्यांनी माना टाकल्या. लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मॅडमनी पाहिलं असावं. म्हणाल्या, "लाड आवर आता. उरलेल्यांचं ग्लुकोज निम्मं कर, उजेड वाढव. कमवायला शिकू दे त्यांना."

१८ जुलै
निम्म्या साखरेवर रोपं रुसलीत. खुरटी, फिकी. माझंच पोट खपाटीला गेल्यासारखं वाटतं. साखर वाढवायला हात शिवशिवतात.
नाही वाढवली.

२४ ऑगस्ट
जगली! मातीत, उघड्या हवेत! नवं पान फुटलंय, हिरवंगार, स्वतःच्या कमाईचं. एक कुंडी घरी आणली. बाबांनी नुसतं पाहिलं आणि पेपर उघडला. फार लागलं मनाला. आईचं आहे ना हे?

१५ जानेवारी
फूल. पांढरं, एवढंसं. खिडकीशी बसून राहिले. कामावर जायला उशीर झाला, होऊ दे.

१९ फेब्रुवारी
पहिलं फळ बाबांच्या हातावर ठेवलं. खाईनात. मग म्हणाले, "हे तिचं नाही गं. तिचं रोप ती गेली त्याच आठवड्यात वाळलं. तू घरी येणार, खिडकी रिकामी बघणार... म्हणून नर्सरीतून दुसरं आणून लावलं."
राग यायला हवा होता. फळाचे दोन भाग केले, मोठा त्यांना दिला. जरा आंबटच होतं. देठापर्यंत खाल्लं दोघांनी.