तुझ्या कमरेवरचा पाय

आये, सोमवारपासून मी बारामतीला कंबर दाबून घ्यायला जातो आहे. अंथुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं जायचं, दवाखान्यात पालथं पडायचं, आणि नातीच्या वयाची एक मुलगी दोन्ही तळव्यांनी माझी कंबर दाबते, मणक्याच्या कडेकडेनं अंगठे फिरवते. गोळी नाही, सुई नाही. कारखान्याला ऊस वाहताना ट्रॅक्टरवर बसून बसून कंबर गेली, त्याला वीस वर्षं झाली, आणि आता उजव्या पायाला मुंग्या येतात. मी त्या मुलीला रोज तेच विचारतो, मणका सरकणार नाही ना, मला चालता येईल ना. ती म्हणते, "आजोबा, अंग सैल सोडा. किती ताठ पडलाय." अंग सैल कसं सोडतात ते मला या वयात शिकावं लागतंय. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ भरून आलं की तू मला ओढत घरात न्यायचीस आणि उतरंडीमागं बसवायचीस. ती धास्ती अजून अंगातून गेलेली नाही.

मी पायाकडून जन्मलो, हे तूच गावभर सांगितलंस. पायाळूचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, म्हणून लोक पार इंदापुराहून यायचे. तू ओट्यावर घोंगडी अंथरायचीस, आलेला माणूस पालथा पडायचा, आणि मी डावा पाय त्याच्या कमरेवर तीनदा टेकवायचो. पुढं मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी लोक येतच राहिले. कुणी नारळ ठेवायचं, कुणी नुसतंच हसत जायचं. तू उंबऱ्यात उभी राहून बघायचीस, स्वतःची कंबर एका हातानं धरून. तुझी तर माझ्या आधीपासून दुखायची, पण तुझ्यासाठी घोंगडी कधी अंथरली गेली नाही. आईच्या अंगाला लेकाचा पाय लावत नाहीत.

त्या दिवशी मात्र भाकरी थापता थापता तू चुलीपुढंच वाकून राहिलीस. उठता येईना. घरात दुसरं कुणी नव्हतं, बायको खुरपायला गेली होती. तव्यावर भाकरी करपत होती आणि तू म्हणालीस, "दार लोट. आन् पाय ठेव."

मी म्हणालो, "आये, पाप लागंल."

"पाप माझ्या माथी. लोकांच्या कमरा सरळ करतूस, माझी तेवढी वाकडी ऱ्हाऊ दे व्हय?"

तू तिथंच पालथी झालीस, तोंड कोपरात घातलंस, डोळे मिटलेस. तुझ्या कमरेवर तीनदा भार आला. थोड्या वेळानं तू भिंतीला धरून उठलीस आणि म्हणालीस, "बग, गेली." पुढचे आठ-दहा दिवस तू पाण्याच्या घागरी स्वतः आणल्यास. पण त्याच आठवड्यात पायातल्या वहाणा शेजारच्या म्हातारीला देऊन टाकल्यास. बाकी कुणाला कारण कळलं नाही, मला सांगितलंस, "लेकाचा पाय अंगाला लावून घेतला. कायतरी सोडाय पायजे." त्यानंतर मरेपर्यंत तू अनवाणी चाललीस, उसाच्या सडांतून, कालव्याच्या तापलेल्या फुफाट्यातून. टाचांच्या भेगांत माती बसायची. कंबर महिन्याच्या आत पुन्हा धरली, हे मला दिसत होतं. तू मात्र दार लोट असं पुन्हा कधी म्हणाली नाहीस.

काल शेजारच्या खाटेवर आपल्याच गावचा एक म्हातारा होता. मला बघून म्हणतो, "काय तात्या, आख्ख्या तालुक्याच्या कमरा तुडवल्या, आन् आता सोता पालथं?" मुलीनं विचारलं, हे काय प्रकरण. सांगावं लागलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही, दाबता दाबता म्हणाली, असल्या जुन्या दुखण्यावर कुणी पाय ठेवू नये. मग सहज विचारलं, घरात कुणाची कंबर दुखत नव्हती का. मी म्हणालो, आईची. पण आईला पाय लावत नाहीत.

"मग हात लावायचा की," ती म्हणाली. "एकदा लावून भागत नाही, पण रोज थोडा लावला की आराम पडतो." आणि पडदा सारून पुढच्या पेशंटकडे गेली. मी इतका वेळ तसाच पडून राहिलो की तिनं परत येऊन विचारलं, चक्कर येतेय का.

आये, मी हातच लावला होता. तू डोळे मिटल्यावर पाय उचलला, पण तो तुझ्यावर टेकवेना. मग गुडघ्यावर बसलो, टाचेसारखा लागावा म्हणून हाताच्या तळव्याचा मनगटाजवळचा भाग ठेवला आणि अंगाचा भार टाकला, तीनदा. तुला आराम पडला, म्हणून त्या दिवशी बोललो नाही. सांगितलं तर गुण जाईल याची भीती होती. पुढं वहाणा सुटल्या, आणि मग ते बोलणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. एवढं एक वाक्य बोललो असतो तर तुझ्या पायांत वहाणा राहिल्या असत्या, आणि दुपारी घटकाभर रोज तुझी कंबर दाबता आली असती. हाताला कसलं पाप? मी पापाला भ्यालो, मग तुला भ्यालो, आणि तू गेल्यावर आता हे नातवाच्या वहीत मागून लिहितो आहे. कुणी वाचायच्या आत ही पानं फाडून घेईन.

एकदा मी तुला इंदापूरच्या बाजारातून नव्या चपला आणल्या होत्या. तू त्या उलट्यासुलट्या करून बघितल्यास आणि म्हणालीस, "म्या सोडल्यात, तुला ठावं हाय. मग का आणल्यास?" पुन्हा घरात आपण दोघंच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "ऊन लय हाय, म्हणून." तेव्हा मार्गशीर्षातली थंडी पडली होती, तुझ्या खांद्यावर घोंगडी होती, आणि तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस.